डेव्हिस करंडक आणि विकलेले यजमानपद

2025 च्या नोव्हेंबरात बोलोन्यात डेव्हिस करंडकाचा शेवटचा टप्पा पार पडला आणि इटलीने सलग तिसऱ्या वर्षी करंडक उचलला. यानिक सिनर त्या संघात नव्हता. समोर स्पेन होता, पण मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे कार्लोस अल्काराझने माघार घेतली होती. जागतिक क्रमवारीतले पहिले दोघेही नसताना देशादेशांमधली सर्वांत जुनी टेनिस स्पर्धा उरकली गेली. त्यावरून जो वाद पेटला तो अजून शमलेला नाही. एक गट म्हणतो, पाच सेटचे सामने आणि तीन दिवसांच्या लढती (दोन देशांमधल्या एकेरी-दुहेरी सामन्यांची मालिका म्हणजे एक लढत) गेल्या तेव्हाच डेव्हिस करंडक संपला. दुसरा गट खेळाडूंवर तुटून पडतो: कोट्यवधी कमावता आणि देशासाठी एक आठवडा काढता येत नाही? तिसऱ्या गटाचा उपाय म्हणजे स्पर्धा आणखी आखूड करा, मोठ्या खेळाडूंना हवे ते द्या, नाहीतर तिला टाळे ठोका. तिन्ही गट तावातावाने भांडतात आणि तिघेही ज्या प्रश्नावर सगळे अवलंबून आहे त्याला वळसा घालून जातात.

लढत कोणाच्या भूमीवर खेळायची, हा तो प्रश्न. 2019 पासूनच्या नव्या रचनेत शेवटचा टप्पा बोली लावून यजमानपद मिळवलेल्या एकाच शहरात भरतो. पाच सेट सोडता येतील, दरवर्षी विजेता ठरवण्याचा हट्ट सोडता येईल, अव्वल खेळाडू एखाद्या वर्षी आले नाहीत तरी चालेल. पण पहिल्या फेरीपासून अंतिम लढतीपर्यंत प्रत्येक लढत आमनेसामने उभ्या असलेल्या दोन देशांपैकी एकाच्या मैदानावर, त्या देशाने निवडलेल्या कोर्टवर झाली पाहिजे. एवढे राखले तर बाकी कितीही मोडतोड झाली तरी डेव्हिस करंडक टिकेल. हे सोडले तर बाकी सगळे जसेच्या तसे ठेवूनही तो टिकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी परंपरावाद्यांविषयी. त्यांची हळहळ मला समजते. 1982 मध्ये सेंट लुईसला जॉन मॅकेन्रो आणि मॅट्स विलँडर सहा तास बावीस मिनिटे खेळले आणि तिसरा सेट 17-15 ला संपला. 2002 ची पाच सामन्यांची अंतिम लढत पॅरिसमध्ये 2-2 अशी अडली असताना वीस वर्षांच्या मिखाइल युझ्नीने पॉल-आंरी मातिएविरुद्ध दोन सेटची पिछाडी भरून काढली आणि रशियाला पहिला करंडक मिळवून दिला. तीन सेटच्या सामन्यात युझ्नी केव्हाच हरून बसला असता. पाच सेट गेल्याने काहीतरी मोलाचे गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून रचनेला हात लावणे म्हणजे पाप, असे म्हणणाऱ्यांनी या स्पर्धेचा इतिहास नीट पाहावा. 1900 साली हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या ड्वाइट डेव्हिसने चांदीचे भांडे घडवून घेतले आणि बॉस्टनच्या लाँगवूड क्लबवर अमेरिका विरुद्ध ब्रिटिश बेटे अशी पहिली लढत झाली. तेव्हापासून 1971 पर्यंत चाललेला नियम आज कुणाला सांगितला तर खोटा वाटेल: गतविजेत्याने स्पर्धेत खेळायचेच नाही. बाकीच्यांनी महिनोन्महिने आपापसात झुंजायचे आणि जो उरेल त्याने गतविजेत्याच्या घरी जाऊन त्याला आव्हान द्यायचे. परिणाम काय झाला? 1937 ते 1973 या काळात अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया वगळता एकाही देशाला करंडक जिंकता आला नाही. 1972 पासून ही आव्हान फेरी बंद झाली आणि पुढच्या चार-पाच वर्षांतच विजेत्यांच्या यादीत स्वीडन आणि इटली ही नवी नावे आली. परंपरा मोडली म्हणून स्पर्धा बुडाली नाही, उलट तिने बाळसे धरले. 1981 चा जागतिक गट (अव्वल सोळा देशांचा), 1989 चा टायब्रेकर (6-6 अशी बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा गेम), हेही असेच बदल होते. तेव्हा पाच सेट हा डेव्हिस करंडकाचा कणा होता, हा दावा इतिहासात टिकत नाही. त्या सगळ्या बदलांमधून एकच गोष्ट न बदलता आली होती: अंतिम लढतीसाठी पाहुणा संघ यजमानाच्या दारात जाऊन खेळत असे.

देशभक्तीचा मुद्दा त्याहून लवकर निकालात काढायला हवा, कारण त्याने खेळाडूंना अकारण गुन्हेगार ठरवले जाते. टेनिसपटूला कोणी पगार देत नाही. प्रशिक्षक, फिजिओ, विमानप्रवास, हॉटेल, सगळा खर्च त्याचा त्याने करायचा. दुखापत झाली तर मिळकत थांबते. कारकीर्द दहा-पंधरा वर्षांची, त्यातले नोव्हेंबर म्हणजे अकरा महिने जगभर फिरून झाल्यावरचे दिवस. अशा माणसावर देशाचा हक्क किती? टेनिसने हा प्रश्न 1973 मध्येच भोगून पाहिला आहे. डेव्हिस करंडकाच्या लढतीत खेळायला नकार दिला म्हणून युगोस्लाव्हियाच्या महासंघाने निकोला पिलिचवर बंदी घातली. त्याच्या पाठीशी नुकतीच स्थापन झालेली खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि 81 खेळाडूंनी त्या वर्षीच्या विम्बल्डनवर बहिष्कार टाकला. सक्तीने संघ उभा राहत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तरीही ऑलिंपिकमध्ये खेळायचे असेल तर ठराविक वेळा डेव्हिस करंडकासाठी उपलब्ध राहा, अशी अट आजही आहे. मोठे खेळाडू या स्पर्धेत मनापासून खेळले ते अटींमुळे नव्हे. नोव्हाक जोकोविच 2010 मध्ये बेलग्रेडच्या प्रेक्षकांसमोर सर्बियाला करंडक जिंकून देऊन बाहेर पडला आणि पुढच्या मोसमात त्याने सुरुवातीचे 41 सामने ओळीने जिंकले. अँडी मरेने 2015 मध्ये आठपैकी आठ एकेरी आणि तीन दुहेरी जिंकून ब्रिटनला 1936 नंतरचा पहिला करंडक दिला. रॉजर फेडररने 2014 मध्ये शेवटी आपली ही एक उणीव भरून काढली. हे तिघेही वर्षानुवर्षे प्रत्येक लढतीला हजर नव्हते, आणि त्याने काही बिघडले नव्हते.

खरा वाद सुधारणावाद्यांशी आहे, कारण त्यांचे मुद्दे वजनदार आहेत. घरच्या मैदानाची पद्धत अन्यायाची आहे, असे ते म्हणतात, आणि त्यांच्याकडे पुरावे आहेत. 1972 ची अंतिम लढत बुखारेस्टला झाली. इली नस्तासे आणि इयॉन तिरियाक यांच्या रोमानियाने अमेरिकेला संथ लाल मातीवर बोलावले. रेषेवरच्या पंचांनी इतके उघड पक्षपाती निर्णय दिले की ती लढत आजही त्याच कारणासाठी आठवली जाते. स्टॅन स्मिथ त्यातून तरला आणि तिरियाकला पाचव्या सेटमध्ये 6-0 असे हरवून अमेरिकेला करंडक मिळवून देऊ शकला, हे त्याचे थोरपण, पद्धतीचे नव्हे. 1984 मध्ये स्वीडनने गोटेनबर्गच्या बंदिस्त सभागृहात मातीचे कोर्ट अंथरले आणि मॅकेन्रो-कॉनर्सच्या अमेरिकेला 4-1 असे धुऊन काढले. प्रतिस्पर्ध्याला नडेल असा पृष्ठभाग मुद्दाम निवडायचा, यात खिलाडूवृत्ती कुठे आहे?

याला माझे उत्तर दोन भागांत आहे. पंचांचा पक्षपात हा खरोखरचा अन्याय होता, आणि त्यावर इलाज सापडला: तटस्थ पंच आले, पुढे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर हे यंत्र सांगू लागले. तो दोष दुरुस्त करायला यजमानपद रद्द करावे लागले नाही. राहिला पृष्ठभागाचा आणि गर्दीचा फायदा. तो अन्याय नाही, तोच या स्पर्धेचा आशय आहे. 1995 ची मॉस्कोतली अंतिम लढत पाहा. पीट सॅम्प्रस तेव्हा जगातला सर्वोत्तम खेळाडू होता आणि त्याची सगळी ताकद वेगवान कोर्टवरच्या सर्व्हिसमध्ये होती. रशियाने ऑलिंपिक स्टेडियममध्ये त्याच्यासमोर संथ माती टाकली आणि पहिल्याच दिवशी आंद्रेई चेस्नोकोव्ह उभा केला: मातीवर तासन्‌तास चेंडू परत करत राहणारा, समोरच्याला दमवून मारणारा खेळाडू. सॅम्प्रस पहिला सेट हरला, दोन जिंकला, चौथा टायब्रेकरमध्ये गमावला. पाचवा त्याने 6-4 असा घेतला आणि मॅच पॉइंट संपताक्षणी पायांत गोळे येऊन तो तिथेच कोसळला. लोकांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून आत ओढत नेले. दुसऱ्या दिवशी दुहेरीत तो खेळेल असे कुणाला वाटले नव्हते. तो टॉड मार्टिनबरोबर उतरला आणि जिंकला. तिसऱ्या दिवशी त्याने येव्हगेनी काफेल्निकोव्हला सरळ सेटमध्ये हरवून करंडकच जिंकला. अमेरिकेचे तिन्ही गुण सॅम्प्रसच्या हातून आले, तेही त्याला सगळ्यांत न मानवणाऱ्या मातीवर.

समजा ही लढत नव्या रचनेतल्यासारखी माद्रिद किंवा मालागा अशा तिसऱ्याच शहरातल्या बंदिस्त हार्ड कोर्टवर झाली असती. सॅम्प्रसने तासाभरात दोन सेट घेतले असते आणि पुढच्या आठवड्यात ते कुणाच्या लक्षातही राहिले नसते. त्याच्याविरुद्ध रचलेल्या अडचणींमुळेच तो विजय आजवर सांगितला जातो. आणि यजमानाने डाव रचला म्हणून यजमान जिंकतोच, असेही नाही. 2016 मध्ये अर्जेंटिनाने चारही लढती परक्या देशांत खेळून करंडक जिंकला. झाग्रेबच्या अंतिम लढतीत क्रोएशिया 2-1 ने पुढे असताना हुआन मार्टिन देल पोत्रोने मारिन चिलिचविरुद्ध दोन सेटची पिछाडी भरून काढली आणि फेदेरिको देल्बोनिसने शेवटच्या सामन्यात इव्हो कार्लोविचला हरवले. त्याआधी चार वेळा हा देश अंतिम लढतीत हरला होता, त्यातली एक 2008 मध्ये मार दे प्लाताला स्वतःच्याच मैदानावर, तीही राफाएल नदाल नसलेल्या स्पेनकडून. 1993 मध्ये फ्रेंच संघाने फ्रेजूसला लाल मातीवर भारताला बोलावले तेव्हा निकाल ठरल्यासारखाच होता. लिएंडर पेसने आर्नो बोएत्श आणि आंरी लकोंत या दोघांनाही एकेरीत हरवून तो फिरवला. हे सामने थोर ठरले कारण पाहुण्याला कोर्ट, गर्दी आणि प्रतिस्पर्धी अशा तिघांशी झुंजावे लागले. टूरवर वर्षभर खेळाडूला फक्त प्रतिस्पर्ध्याशी लढावे लागते. डेव्हिस करंडकाने वेगळे काय द्यायचे, तर हेच.

आता ज्या पद्धतीने या अन्यायाचे निवारण केले म्हणतात ती तपासू. 2019 मध्ये नव्या रचनेची पहिली स्पर्धा माद्रिदला झाली, विजेता स्पेन. 2022 ते 2024 अशी सलग तीन वर्षे शेवटचा टप्पा मालागाला, म्हणजे पुन्हा स्पेनमध्येच झाला. 2025 ते 2027 ही तीन वर्षे इटलीला मिळाली, आणि 2025 चा विजेता इटली. मालागात स्पेनला आपल्या भूमीचा उपयोग करून घेता आला नाही, हे खरे. इटलीने आधीचे दोन करंडक परदेशात जिंकले होते, हेही खरे, आणि त्या संघाची गुणवत्ता वादातीत आहे. पण प्रश्न उरतोच: घरच्या मैदानाचा फायदा नाहीसा कुठे झाला? तो तर आहे तसाच आहे. बदलला तो मिळवण्याचा मार्ग. जुन्या नियमात दोन देशांच्या मागच्या भेटीत जो पाहुणा होता तो या भेटीत यजमान होई. कधीच भेटले नसतील तर चिठ्ठी टाकली जाई. आज माझी पाळी, पुढच्या खेपेला तुझी. दीर्घ मुदतीत यापेक्षा न्याय्य वाटप कोणते असू शकते? नव्या व्यवस्थेत ज्या देशाची किंवा शहराची बोली मोठी, त्याला तीन वर्षे एकगठ्ठा यजमानपद. पाळीने मिळणारा हक्क लिलावात काढला गेला आणि त्याला समान संधी असे नाव दिले गेले.

बोलोन्याच्या उपांत्य लढतीचे उदाहरण नव्या रचनेचे समर्थक हमखास देतात. फ्लाव्हिओ कोबोल्ली आणि बेल्जियमचा झिझू बर्ग्स यांच्यात तिसऱ्या सेटचा टायब्रेकर 17-15 पर्यंत गेला, कोबोल्लीने सात मॅच पॉइंट वाचवले, आणि तीन सेटमध्येही डेव्हिस करंडक जिवंत असतो हे सिद्ध झाले, असे ते म्हणतात. मी तो सामना पुरेपूर मानतो. त्याने पाच सेटच्या हट्टाला परस्पर उत्तर दिले. पण कोबोल्ली मॅच पॉइंटमागून मॅच पॉइंट वाचवत होता तेव्हा सभागृह कोणाचे होते? इटालियन खेळाडू, इटालियन शहर, इटालियन प्रेक्षक. बर्ग्स एकटा त्या आवाजाविरुद्ध उभा होता. हे जुन्या डेव्हिस करंडकाचेच चित्र आहे, आणि ते नव्या रचनेत योगायोगाने घडले. याच रचनेत ज्या दोन देशांचा यजमान शहराशी काहीच संबंध नसतो अशा लढतीही असतात. 2019 च्या माद्रिदमध्ये स्पेन खेळत नसताना रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. अमेरिका-इटली लढतीची दुहेरी तर पहाटे चार वाजून गेल्यावर संपली. एका आठवड्यात अठरा संघ एका जागी कोंबले की दुसरे काय होणार?

यावर फुटबॉलच्या विश्वचषकाचा दाखला दिला जातो: तोही सहसा एका देशात होतो, मग टेनिसचा का नको? स्पेनचा फुटबॉलपटू जेरार्ड पिके आणि त्याची कोसमॉस कंपनी 2018 मध्ये हीच कल्पना घेऊन आली होती. पण फुटबॉलचा विश्वचषक चार वर्षांनी येतो, आणि त्याची पात्रता फेरी दोन-तीन वर्षे प्रत्येक देशाच्या स्वतःच्या मैदानांवर चालते. शिवाय एरवी वर्षभर क्लबसाठी खेळणाऱ्या खेळाडूंना एकाच देशाच्या पोशाखात पाहण्याची ती दुर्मिळ संधी असते. टेनिसचा खेळाडू वर्षभर आपल्या नावाने आणि आपल्या झेंड्याच्या चिन्हासकट खेळतच असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हिएन्ना, बाझल, पॅरिस, ट्युरिन अशी बंदिस्त हार्ड कोर्टची मालिका सुरू असते. तिच्या शेपटाला आणखी एक बंदिस्त हार्ड कोर्ट जोडले, खेळाडूंना एका रंगाचे शर्ट घातले, की ते प्रेक्षकाला कसे वेगळे वाटावे? तटस्थ शहरात भरणाऱ्या सांघिक स्पर्धांचे दुकान आधीच भरलेले आहे. 2017 पासून लेव्हर कप आहे, तिथे मोठे खेळाडू आणि झगमगाट दोन्ही आहेत. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात एटीपी कप सुरू झाला, तीन वर्षांत गुंडाळला गेला, आणि 2023 पासून त्याच्या जागी स्त्री-पुरुषांचा एकत्र युनायटेड कप आला. त्यात बक्षिसाची रक्कमही मिळते आणि क्रमवारीचे गुणही. डेव्हिस करंडक त्यांच्या वाटेने गेला तर त्याला त्यांच्याशीच स्पर्धा करावी लागते, आणि त्या शर्यतीत तो मागेच राहणार. शिवाय ज्या मोठ्या खेळाडूंच्या सोयीसाठी हा सगळा खटाटोप झाला, ते बोलोन्यात कुठे होते?

पैशाचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे बरेचसे उत्पन्न डेव्हिस करंडकावर अवलंबून असते आणि त्यातून लहान देशांमध्ये टेनिस रुजवण्याची कामे होतात. ऑगस्ट 2018 मध्ये ऑरलँडोच्या सर्वसाधारण सभेत कोसमॉसचा पंचवीस वर्षांत तीन अब्ज डॉलर असा प्रस्ताव समोर आला तेव्हा अनेक छोट्या महासंघांनी होकार दिला, यात त्यांना दोष देता येणार नाही. दोन तृतीयांश मतांची गरज होती, 71 टक्क्यांहून थोडी अधिक मिळाली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी यांचा विरोध वाया गेला. पण पुढे काय झाले? कोसमॉसबरोबरचा पंचवीस वर्षांचा तो संसार जानेवारी 2023 मध्ये, पाच वर्षे पुरी होण्याआधीच मोडला. ज्या रकमेसाठी घर सोडले तिची हमी हवेत विरली आणि घरही परत आले नाही. उलट जुन्या पद्धतीत यजमान महासंघाला आपल्या देशात तिकिटे विकता येत, प्रायोजक मिळत, आणि ज्या देशांत एकही मोठी स्पर्धा होत नाही तिथल्या मुलांना जगातले नामवंत खेळाडू डोळ्यांनी पाहता येत. 2014 मध्ये फ्रान्स अंतिम लढतीचा यजमान असल्याचे सप्टेंबरात ठरले आणि नोव्हेंबरात लीलच्या फुटबॉल स्टेडियममध्ये मातीचे कोर्ट तयार होते. दिवसाला 27 हजारांहून अधिक लोक आले. यजमान आधी ठरत नाही म्हणून आयोजन अशक्य, या म्हणण्याला लीलने पुरेसे उत्तर दिलेले आहे.

घराची पद्धत सगळीकडे आणि सदैव लागू करता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सगळ्यात खालच्या गटांतले संघ आठवडाभर एका गावी जमून खेळतात, कारण प्रत्येक लढतीसाठी वेगळा प्रवास त्यांना परवडत नाही. ती सोय राहू द्यावी. राजकारणही आडवे येते. 1976 मध्ये इटलीच्या संघाने हुकूमशहा पिनोशेच्या चिलीत, ज्या सँटियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये तीन वर्षांपूर्वी राजकीय कैद्यांना डांबले गेले होते तिथे अंतिम लढत खेळायला जावे का, यावर अख्खा इटली भांडला. सोव्हिएत संघाने त्याच चिलीविरुद्धच्या उपांत्य लढतीला नकार दिला होता. इटली गेला, जिंकला, आणि दुहेरीत आद्रियानो पानात्ता व पाओलो बेर्तोलुच्ची निषेध म्हणून लाल शर्ट घालून उतरले. दोन वर्षे आधी वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्धची अंतिम लढतच नाकारली आणि करंडकावर पाणी सोडले. असे प्रसंग संयोजकांना नको असतात, हे उघड आहे. सुरक्षेचा खरा धोका असेल तेव्हा लढत हलवावीच लागते. 2019 मध्ये भारत-पाकिस्तान लढत इस्लामाबादहून कझाकस्तानात हलवली गेली. भारताने ती 4-0 अशी जिंकली, आणि ती आज फारशी कुणाला आठवतही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मात्र भारतीय संघ 1964 नंतर प्रथमच पाकिस्तानात गेला. यजमानाने हिरवळीचे कोर्ट निवडले होते, निकाल पुन्हा 4-0 असाच लागला, पण या लढतीची दोन्ही देशांत चर्चा झाली. अपवादाची सोय असावी. अपवादाचाच नियम करणे ही वेगळी गोष्ट झाली.

एका शहरात आठवडाभर ही कल्पना नवी असल्याचा आव आणला जातो, त्याचेही आश्चर्य वाटते. महिलांची अशीच स्पर्धा 1963 मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर सुरू झाली ती नेमक्या याच रूपात: एक शहर, एक आठवडा, सगळे देश. तीस वर्षे ती तशी चालली आणि 1995 मध्ये तिने पुरुषांसारखी घरच्या मैदानाची पद्धत स्वीकारली. म्हणजे आज ज्याला भविष्य म्हटले जाते ते महिला टेनिसने तीन दशके वापरून मागे टाकले होते. आता बिली जीन किंग कप या नावाने त्या स्पर्धेलाही पुन्हा एका शहरात आणून बसवले आहे; 2025 मध्ये तिची अंतिम लढत इटली आणि अमेरिका यांच्यात चीनमधल्या शेनझेनला झाली.

मग करायचे काय? गोल्फचा रायडर कप बघा. तोही वैयक्तिक खेळ, तिथलेही खेळाडू गडगंज, त्यांचेही वेळापत्रक खच्चून भरलेले. पण ती स्पर्धा दोन वर्षांनी येते, एकदा युरोपात आणि एकदा अमेरिकेत होते, यजमान आपल्याला सोयीचे मैदान तयार करून घेतो, विजेत्याला बक्षिसाची रक्कम नसते, आणि संघात जागा मिळावी म्हणून खेळाडू जिवाचे रान करतात. घरच्या मैदानाचा फायदा अन्याय आहे असे तिथे कुणी म्हणत नाही. डेव्हिस करंडकानेही दोन वर्षांचे चक्र घ्यावे. सोळा संघ, चार फेऱ्या, वर्षाला दोन शनिवार-रविवार. सध्या पात्रता फेरीत चालते तीच रचना शेवटपर्यंत ठेवावी: दोन दिवस, तीन सेटचे सामने, पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी आणि प्रतिस्पर्धी अदलाबदल करून परतीचे दोन एकेरी सामने. सध्याच्या शेवटच्या टप्प्यासारखी दोन एकेरी आणि एक दुहेरी एवढ्यावर लढत संपवली तर संघाचा कस लागत नाही. पाच सामन्यांत कर्णधाराला डाव बदलायला जागा मिळते. वर्षातले चार दिवस हे ज्यांना जड जातील त्यांनी खुशाल नाही म्हणावे, आणि त्यांच्यावर देशद्रोहाचा शिक्का मारू नये. दोन वर्षांच्या चक्रात उपांत्य आणि अंतिम लढतींमध्ये हवे तेवढे अंतर ठेवता येईल, म्हणजे प्रक्षेपण आणि तिकीटविक्रीची ओरडही थांबेल.

2025 पासून महासंघाने थोडी माघार घेतली, याची नोंद घ्यायला हवी. सप्टेंबरातली चार शहरांतली गटसाखळी बंद झाली आणि दुसऱ्या पात्रता फेरीच्या लढती पुन्हा कुणाच्या तरी घरी होऊ लागल्या. म्हणजे चूक कळली आहे, पण शेवटचे आठ संघ अजून एका शहराच्या हवाली केले जातात. इटलीला दिलेले यजमानपद 2027 मध्ये संपते. पुढच्या बोलीदाराचा शोध त्याच्या आधीच सुरू होईल, तेव्हा राष्ट्रीय महासंघांनी सर्वसाधारण सभेत बोलायची वेळ आत्ताची आहे. 2018 चा निर्णय दोन तृतीयांश मतांनी झाला होता, तो फिरवायलाही तेवढ्या मतांची जुळवाजुळव करावी लागेल, आणि ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जर्मनी यांच्यापासून सुरू करता येईल. ठराव एका वाक्याचा पुरे: उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम लढतींचे यजमानपद निविदेने न देता त्या दोन देशांच्या मागच्या लढतीच्या नोंदीवरून ठरवावे, आणि नोंद नसेल तर चिठ्ठी टाकावी.